तुळईची वरची कड

देवळाली प्रवरा
६ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून नकाशांच्या गुंडाळीत हे पत्र घालून कुरिअर करते आहे. हातात कागद आला की तू तो वाचल्याशिवाय ठेवत नाहीस. भेळेचा कागदसुद्धा तू कधी सोडला नाहीस.

बातमी अशी की आबांनी काकूंच्या नावाने अभ्यासिका बांधायची ठरवली आहे. पुष्पावती अभ्यासिका. रस्त्याकडेच्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षांची किती पोरं-पोरी देवळाच्या ओट्यावर बसून वाचतात, तुला माहीतच आहे. काकू शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनाच घरी बोलवून शिकवायच्या. घरातच आर्किटेक्ट आहे म्हणून काम आबांनी मला दिलं आहे. राहात्याला माझ्या नकाशावरून एका घराचं बांधकाम चालू आहे, ते सांभाळून मी दर दोन दिवसांनी इथे येते.

छत लाकडी करते आहे. एवढ्या लांबीचं अखंड सागवान आता कुठे मिळतं? म्हणून जोडीव तुळया. वर आणि खाली सागाच्या जाड पट्ट्या, मधे उभं प्लायवूड, सगळं गोंदाने चिकटवून खिळ्यांनी पक्कं. उंची दोन फूट, रुंदी फक्त तीन इंच. खालून बघितलं तर सुरीच्या पात्यासारखी बारीक रेघ दिसेल. आणि खरी गंमत पुढेच आहे. छत तुळईवर थेट बसत नाही. तुळईवर हातभर उंचीच्या खुंट्या, त्यांच्यावर वासे, त्यावर कौलं. मधल्या फटीतून चारी बाजूंनी उजेड आत येईल. छत अधांतरी आहे असं वाटेल.

तू रोज दुसऱ्यांचे नकाशे तपासतेस. यावरही एकदा नजर टाकशील?

तुझी,
दिशा


केडगाव, नगर
१४ जानेवारी २०२५

दिशा,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस आहे, तेव्हा हे पत्र कालच लिहायला हवं होतं.

माझ्या आईच्या नावाची वास्तू उठणार आहे, हे मला कुरिअरवाल्याकडून कळलं. मी बारा वर्षं स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. केडगावहून देवळालीला यायला दीड तास लागतो. वडिलांना माझा नंबर पाठ आहे. तरी काम चुलत बहिणीला, आणि मला काय? नजर टाकायला.

टाकली नजर. नकाशा फार सुंदर काढला आहेस. तुझे नकाशे नेहमीच सुंदर असतात. बक्षिसं मिळतात त्यांना.

आता एक कर. घरात लाकडी फूटपट्टी असेल. ती कडेवर उभी धर, दोन टोकं दोन पुस्तकांवर टेकव आणि मधोमध बोटाने दाब. खाली वाकणार नाही. मधेच बाजूला फुगेल, पीळ खाईल आणि आडवी पडेल. तुझी तुळई म्हणजे तीच फूटपट्टी. भार आला की वरची कड दाबली जाते, आणि दाबलेली बारीक वस्तू सुटायला बाजू शोधते. एरवी छताचे वासे वरच्या कडेला जखडलेले असतात, ते तिला बाजूला जाऊ देत नाहीत. तू छतच उचलून खुंट्यांवर ठेवलंस. वरची कड मोकळी आणि भार तिच्याही वर. कलंडायला आणखी मदत.

खुंट्या काढ. वासे थेट तुळईवर जखड, दोन तुळयांमधे जागोजागी आडवे ठोकळे बसव. छत अधांतरी दिसणार नाही. छतासारखं दिसेल.

उजेड हवा असेल तर खिडक्या नावाची एक सोय असते.

दिपाली


देवळाली प्रवरा
२५ जानेवारी २०२५

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी वाटलं, यातलं इंजिनिअरचं किती आणि दिपालीचं किती?

नाशिकच्या एका कन्सल्टंटने या तुळयांचा हिशोब केला आहे. वाकणं, तुटणं, खिळ्यांवरचा ताण, सगळं बसतं. तो मला ओळखत नाही, माझ्या बक्षिसांचं त्याला काही सोयरसुतक नाही. त्याला चूक सापडली नाही आणि तुला पहिल्याच नजरेत सापडली. तीही नेमकी तिथेच, जिथे माझं सगळं काम आहे. फट बुजव, ठोकळे बसव, म्हणजे मग त्यात माझं काय उरतं?

तू जळतेस, ताई. मी शाळेत पहिली आले तेव्हाही तू पेपर मागून घेऊन गुणांची बेरीज तपासली होतीस.

तुला दुखवायचं नव्हतं म्हणून एक गोष्ट लिहिली नव्हती. आता लिहिते. नकाशे पाठवू का, असं मी आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तिला नगं दावू. मोडता घालील." तरी मी पाठवले.

आणि उजेडाचं म्हणशील तर तो माझा हट्ट नाही. शेवटच्या आजारपणात काकूंनीच तसं सांगितलं होतं. "पोरांच्या पुस्तकावर वरून उजेड पडला पाहिजे, खिडकीतला उजेड पानावर सावली पाडतो," असं. त्या वेळी मी त्यांच्याजवळ होते. तू नव्हतीस.

दिशा


केडगाव
२८ जानेवारी २०२५

दिशा,

माझं काही म्हणणं नाही. कन्सल्टंट आहेत, तू आहेस, आबा आहेत. काम चांगलं होवो.

दिपाली


देवळाली प्रवरा
३१ मार्च २०२५

चि. दिपालीस आबाचा आशीर्वाद.

पाडवा झाला. तू येशील म्हनून वाट पाहिली. श्रीखंड आनलं हुतं, ते शेजारी वाटलं.

तुझ्या आईच्या अभ्यासिकेच्या भिंती झाल्या. पाची तुळया चढल्या. लई देखण्या दिसत्यात. पुंजाराम सुतार म्हनला, "आबासाहेब, आपल्या तालुक्यात असं काम न्हाई." रस्त्यानं जानारी मानसं गाड्या थांबवून बघत्यात, समदे दिशाचं नाव काढत्यात. मला बी बरं वाटतं. पोरीनं लई जीव लावला. तुझ्या आईपाशी बसायची तवा बी असाच लावला हुता.

येत्या रविवारी रामनवमीला कौलं चढवायला सुरवात हाय. नारळ फोडायचा. तू ये.

तुला सांगितलं न्हाई म्हनून तू रुसलीस, हे कळतंय मला. पन तू तरी कवा इचारलंस? वर्षश्राद्धानंतर घराची पायरी चढली न्हाईस. आईचं काय करायचं, असं एका शब्दानं इचारलं असतंस तर तुझ्याच हातात दिलं असतं. मी वाट बघत हुतो. मग माझं बी पाऊल आडलं ते आडलंच.

तब्येतीला जप.

आबा


केडगाव
७ एप्रिल २०२५

दिशा,

परवा देवळालीला काय झालं ते तुला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेल. तू राहात्याला होतीस. तरीही जे झालं ते माझ्या तोंडून तुला कळलं पाहिजे, म्हणून लिहिते.

आधी जानेवारीचं. "माझं काही म्हणणं नाही" असं मी लिहिलं तेव्हा म्हणणं होतं. तुळया कलंडणार हे मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण मला वाटलं, कलंडू दे. लोकांनी बघू दे. माझी आई तुझ्याशी बोलली, माझे वडील तुझ्यावर विसंबले, मग पडलं तर तेही तुझंच. दोन महिने मी असं मनात घोळवत होते. जेवताना, ऑफिसात, दुसऱ्यांच्या तुळया तपासताना. आबांचं पत्र आलं आणि त्यात कौलं चढवायची तारीख दिसली. त्या तुळयांखाली पन्नास-साठ पोरं बसणार, हे मला जानेवारीतही ठाऊक होतं. पण तारीख बघितल्यावर मी एसटीचं वेळापत्रक काढलं.

शनिवारी सकाळी पहिल्या एसटीने आले. नावाजण्यासारखं काम आहे. आत पाऊल टाकलं आणि वर बघितलं, तर मला राग आला, इतकं ते छान आहे.

पुंजारामला म्हटलं, "मधल्या तुळईवर खुंट्यांवरून फळ्या टाका आणि वाळूच्या गोण्या चढवा. कौलांच्या वजनाइतक्या."

तो आबांकडे बघायला लागला. आबा म्हणाले, "दिशा न्हाई इथं. तिला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"आबा, उद्या कौलं चढणारच आहेत. तुळई भक्कम असेल तर आज वाळूने काय बिघडतंय?"

आबा पुंजारामकडे वळले. "चढवा," म्हणाले.

मी खालची जागा मोकळी करवून घेतली, दोरी बांधली. तुळईच्या वरच्या कडेला मधोमध ओळंबा सोडला आणि जमिनीवर त्याच्या टोकाखाली खडूची खूण केली. माणसं बांबूच्या परांचीवरून गोण्या देऊ लागली. निम्म्या झाल्या असतील. मी खूण बघत होते. वर बघितलं तर आबा दोरी ओलांडून तुळईच्या खाली जाऊन उभे. हात मागे बांधून.

"आबा, बाहेर या."

"का? माझा भरवसा हाय पोरीवर."

"आणि मी कोण आहे मग?"

असं मी सगळ्यांसमोर विचारलं. सुतार, गवंडी, रस्त्यावरचे बघे, सगळे ऐकत होते. आबा वर तुळईकडेच बघत राहिले. जागचे हललेही नाहीत.

तेवढ्यात ओळंबा खुणेवरून बोटभर सरकला. तुळई खाली वाकली नव्हती, जराही नाही. तुझ्या कन्सल्टंटचं तिथे बरोबरच आहे. ती बाजूला चालली होती. मी आत धावले, आबांचा दंड धरला आणि ओढलं. त्यांचं पायताण तिथेच राहिलं. आम्ही दोरीपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच तुळईने मधेच पीळ खाल्ला, खुंट्या तिरप्या झाल्या आणि सगळ्या गोण्या एका अंगाला कोसळल्या. प्लायवूड फाटल्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. परांचीवरच्या माणसांनी भिंत धरली म्हणून वाचली. कुणाला खरचटलंही नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते. तुळई आडवी झाली तेव्हा मला हसू आलं. भीतीने नाही. आनंदाने. वडिलांचा दंड हातात, त्यांच्या एका पायात पायताण नाही, आणि मी हसले. पुंजारामने पाहिलं. त्याने मान फिरवली.

आबा विटांच्या थप्पीवर बसले. पाणी मागितलं. अर्धा तांब्या प्याले आणि पहिलं वाक्य काय बोलले माहीत आहे? "दिशाला आत्ता फोन करू नगा. पोर गाडी चालवत यील, जीव थाऱ्यावर राहनार न्हाई तिचा."

मला त्यांनी एवढंच म्हटलं, "दंड दुखतुया. लई जोरात धरलंस."

मी दुपारच्या एसटीने परत आले. नारळासाठी थांबले नाही.

दिपाली


देवळाली प्रवरा
३० एप्रिल २०२५

ताई,

तू हसलीस हे पुंजाराममामांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्या पत्राची मी वाट बघत होते, त्यात ते असतं की नाही ते पाहायला. होतं. म्हणून उत्तर देते आहे. नाहीतर दिलं नसतं.

तू तुझं लिहिलंस, तर माझंही ऐक. कन्सल्टंटकडे पाठवलेल्या नकाशात खुंट्या नव्हत्या. त्यात वासे थेट तुळईवर जखडलेले होते, आणि त्याने त्याच भरवशावर हिशोब केला. खुंट्या मी नंतर घातल्या. नवे नकाशे त्याला पाठवले असते तर तो नाही म्हणेल, अशी धास्ती होती. मग तुला पाठवले. तुझ्याकडून होकार आला असता तर मन मोकळं झालं असतं. नकार आला, तेव्हा तू जळतेस असं म्हणणं सोपं होतं. तू जळत होतीसच. पण म्हणून तुझं बरोबर नव्हतं असं थोडंच होतं?

आबांनी त्या दिवसानंतर प्लॉटकडे फिरकणं बंद केलं आहे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आणखी एक आहे. हे सांगायला मला दीड वर्ष लागलं. शेवटच्या दोन महिन्यांत काकू मला दिशा म्हणत नव्हत्या. मी पेज घेऊन गेले की म्हणायच्या, "आलीस का दिपा?" मी पाय चेपले की, "दिपा, तुझे हात गार आहेत." पहिल्या दिवशी मी सांगितलं, काकू, मी दिशा. त्यांचा चेहरा असा पडला की पुन्हा सांगितलं नाही. तू रविवारी यायचीस तेव्हा त्या बहुतेक गुंगीत असायच्या, आणि उरलेले सहा दिवस मी तू होऊन तिथे बसायचे. त्यांच्या खोलीतून बाहेर आले की मला तुझा इतका हेवा वाटायचा की मी मागच्या अंगणात जाऊन उगाच भांडी आपटायचे. करायचं मी आणि नाव तुझं. बाळंतपणापासून आजारपणापर्यंत त्यांना एकच मुलगी होती. मी कितीही बसले तरी ती मी नव्हते.

ते उजेडाचं वाक्य त्या अशा म्हणाल्या होत्या: "दिपा, पोरांच्या पुस्तकावर वरून उजेड पडला पाहिजे बघ. तू इंजिनिअर आहेस, तुला जमेल."

मी शेवटचा भाग तुला सांगितला नाही. आबांनाही नाही. काम मला हवं होतं.

आता तुळयांचं. मोडलेली मधली तुळई नवी बनवली. पण खुंट्या मी काढलेल्या नाहीत. चिडू नकोस, पूर्ण वाच. वरच्या कडेवर नऊ इंच रुंदीची सागाची फळी आडवी बसवली आहे, टोकापासून टोकापर्यंत, स्क्रूने जखडून. आता वरची कड तीन इंचाची नाही, नऊ इंचाची आहे; तिला बाजूला जायचं तर ती आख्खी फळी तिच्या रुंदीतून वाकवावी लागेल. दोन्ही टोकांना खांबांच्या कडा कानांसारख्या वर काढून तुळई दोन्ही अंगांनी धरली आहे, म्हणजे तिथे ती फिरणार नाही. खुंट्यांना तिरके हात, म्हणजे टेकू, दिले आहेत. आणि फळी वरून पांढरी रंगवल्यामुळे फटीतून येणारा उजेड तिच्यावर पडून छताला लागेल आणि तिथून सगळीकडे पसरेल. आधीच्या रचनेत नुसता पट्टा पडला असता. आता सावलीच पडणार नाही.

पाची तुळयांवर पाळीपाळीने वाळू चढवली, कौलांच्या दीडपट. ओळंबे सोडले होते. दोन दिवस भार तसाच ठेवला. खुणेवरून हलले नाहीत.

तरी कौलं चढवलेली नाहीत. नवीन नकाशे आणि मोजमापं सोबत आहेत. तू तपास. तुला वाटलं तर नाही म्हण. या वेळी मी ऐकेन.

दिशा


केडगाव
८ मे २०२५

प्रिय दिशा,

नकाशे तपासले. चूक सापडावी म्हणून तपासले. फळीचे स्क्रू कमी पडतील असं वाटलं होतं, पडत नाहीत. खांबांचे कान तडकतील असं वाटलं होतं, तेही नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या इंजिनिअरला दाखवले, नाव न सांगता. तो म्हणाला, "फळी आडवी टाकायची कल्पना छान आहे, कुणाची?" मी म्हटलं, माझ्या बहिणीची. आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलले नाही.

मी सुचवलेल्या ठोकळ्यांनी तुळया उभ्या राहिल्या असत्या आणि खोली गुदामासारखी दिसली असती. तुझ्या फळीने तुळया उभ्या राहिल्या आणि उजेडही वाढणार. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

दोन बदल कर. खुंट्यांचे तिरके हात एकाच अंगाला आहेत, दोन्हीकडे दे. आणि टोकाकडे, जिथे कान तुळईला धरतात, तिथे प्लायवूडला आतून एक जाड पट्टी मार, म्हणजे ते चेपणार नाही. लाल शाईने दाखवलं आहे.

काल आबांना फोन केला. पहिल्या घंटेलाच उचलला. दंडाचं विचारलं. म्हणाले, "निळा डाग हुता, आता पिवळा पडलाय." मी म्हटलं, सोमवारी येते, आपण दोघं मिळून प्लॉटवर जाऊ. एसटी किती वाजता पोचते ते विचारलं. मग म्हणाले, "जेवायला काय करायला सांगू?" त्यांना माझ्या आवडीची भाजी आठवत नव्हती. मी सांगितली.

आईचं तू लिहिलंस ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचवत नाही. ते कुणालाही सांगू नकोस आणि मला प्रत्यक्ष भेटल्यावर त्यावर बोलू नकोस. तिने मला हाक मारली आणि ओ तू दिलीस. नाहीतर ती हाक खोलीत तशीच पडून राहिली असती, हे मला कळतं. याचं मला बरं वाटायला हवं. अजून वाटत नाही. अजून मी त्या दोन महिन्यांसाठी तुझ्यावर जळते आहे, आणि बहुधा बरेच दिवस जळेन. बरं वाटलं की सांगेन.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात रचनेखाली तुझं नाव आहे. तपासणीखाली मी सही केली आहे.

कौलं चढवायला हरकत नाही.

ताई